छापील साप्ताहिक बंद करून पोर्टल काढावं का?

प्रश्न असा आहे: पुण्याच्या सिंहगड रोड, धायरी, नऱ्हे या पट्ट्यात प्रश्नकर्त्याचे वडील गेली बरीच वर्षं आठ पानी साप्ताहिक काढतात. आता वडील थकले, कागद-छपाई महागली, अंक टाकायला मुलं मिळत नाहीत. मुलगा आयटीत आहे. तो विचारतो, "बातम्या आता सगळे मोबाइलवरच वाचतात. छापील अंक बंद करून पोर्टल सुरू करू का? त्यावर खर्च निघेल का?"

नमस्कार. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, तो सोपा आहे. एका उपनगराच्या मराठी पोर्टलचा खर्च नुसत्या गूगलच्या जाहिरातींवर निघत नाही. मराठी पान हजार वेळा उघडलं गेल्यावर हातात पडणारी रक्कम इतकी किरकोळ असते की बातमीदाराचं पेट्रोलसुद्धा सुटत नाही. ज्यांचं भागतं ते राज्यभरच्या वाचकांवर, नाहीतर सिनेमा, क्रिकेट आणि राशिभविष्यावर जगतात. तो धंदा वेगळा आणि तुमच्या वडिलांचा तो नव्हे.

पहिल्या प्रश्नाला मात्र हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर होतो, पुढे तिथलीच वेब आवृत्ती सांभाळली, आणि आता लहान नियतकालिकांना अंक, नोंदणी, वेबसाइट अशा सगळ्यात मदत करतो. 'कागद की इंटरनेट' असं विचारत येणाऱ्याला मी आधी मागच्या वर्षाची पावतीपुस्तकं काढायला लावतो. पैसे कोणी दिले, ते नावासकट बघा. तुमच्याकडेही बहुधा हेच दिसेल की वाचकाने जवळजवळ काहीच दिलेलं नाही. वर्गणी नावापुरती, निम्मे अंक फुकट वाटलेले. पैसे आले ते ज्याला काहीतरी छापून यायला हवं होतं त्याच्याकडून.

म्हणजे तुमच्या अंकाला दोन गिऱ्हाइकं आहेत. एक वाचणारा. दुसरा, 'हे छापून आलं' याचा पुरावा हवा असणारा. कागदाच्या जमान्यात दोघं एकाच अंकावर भेटायचे, म्हणून ती वेगळी आहेत हे कोणाला जाणवलं नाही. इंटरनेटने त्यांची फारकत केली. वाचणारा मोबाइलवर गेला. जाताना भाड्याची घरं, नोकऱ्या, स्थळं, जुनी गाडी विकणे या छोट्या जाहिरातीही घेऊन गेला. पुरावा मागणारा मात्र अजून कागदापाशीच उभा आहे, कारण त्याला तिथे नियमाने उभं केलं आहे.

हा दुसरा माणूस कोण ते जरा सविस्तर सांगतो, कारण 'पेपर कोण वाचतं' म्हणणाऱ्यांना तो दिसतच नाही. सोसायटीतला सभासद वारला आणि नॉमिनेशन केलेलं नसेल, तर शेअर वारसाच्या नावावर करण्याआधी सोसायटीला हरकती मागवाव्या लागतात, आणि सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) ती नोटीस किमान दोन स्थानिक वृत्तपत्रांत द्यायची असते. फ्लॅट किंवा प्लॉट घेताना वकील 'माझे अशिलांनी खालील मिळकत खरेदी करण्याचे ठरविले आहे' अशी जाहीर नोटीस देतो. हरकत आली नाही की अंकाची प्रत फाइलला लावतो. बँकेने थकबाकीदाराच्या मिळकतीचा ताबा घेतला, तर कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्याखालच्या २००२ च्या नियमांनुसार ताब्याची नोटीस दोन प्रमुख वृत्तपत्रांत छापावी लागते आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं लागतं. त्या भागात पुरेसा खप असण्याची अट असल्याने बँकांचं काम सहसा दैनिकांकडेच जातं, त्याची आशा धरू नका. सोसायट्या आणि वकील मात्र दुसरं वृत्तपत्र म्हणून साप्ताहिक चालवून घेतात की नाही, हे त्या-त्या वकिलावर आणि तुमच्या वडिलांच्या ओळखीवर असतं. धायरी-नऱ्ह्यात जितके टॉवर उभे राहिलेत, तितक्या सोसायट्या आहेत, एवढं ध्यानात ठेवा.

शिवाय अंक शासनमान्य यादीवर असेल तर माहिती व जनसंपर्क खात्याच्या दर्शनी जाहिराती असतात, दिवाळी अंकाच्या जाहिराती असतात, आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा तर आहेतच. फ्लेक्स परवा उतरतो, छापलेलं पान मात्र भाऊ लॅमिनेट करून ऑफिसात लावतात. यातली एकही गोष्ट पोर्टलवर जशीच्या तशी येत नाही. पोर्टलवरची नोटीस वकील फाइलला लावत नाही, कारण ती उद्या बदलता येते आणि परवा काढूनही टाकता येते.

म्हणून माझं म्हणणं असं: अंक बंद करू नका, छोटा करा. आठाची चार पानं करा. छापायच्या प्रती कमी करा आणि त्या जिथे लागतात तिथे नेऊन द्या. सोसायट्यांची ऑफिसं, वकील, ग्रंथालयं, क्षेत्रीय कार्यालय, वर्गणीदार. घरोघर फुकट टाकण्याचा खर्च पूर्ण थांबवा. खपाचा आकडा मात्र खराच लिहा. छापता तेवढाच. वाचकासाठी जे करायचं ते सगळं मोबाइलवर करा.

हा सल्ला काही गोष्टींवर अवलंबून आहे. वडिलांची नोंदणी चालू स्थितीत नसेल, किंवा नोटिसांचं उत्पन्न छपाईच्या खर्चापेक्षा कमी असेल, तर कागदाचा मोह सोडा. उद्या नियम बदलून सरकारी संकेतस्थळावरची नोटीस पुरेशी ठरली तर हे उत्पन्न आटेल, तेही धरून चाला. आणि वडिलांनी आजवर नोटिसा घेतल्याच नसतील, निव्वळ हौसेने आणि पदरच्या पैशाने अंक काढला असेल, तर माझं वरचं गणित तुम्हाला लागू होत नाही. अशी माणसं पुण्यात कमी नाहीत.

आता वाचकाकडे येऊ, कारण तुमचा खरा ओढा तिकडे आहे असं वाटतं.

'पोर्टलवर बातम्या टाकू' म्हणणारे बहुतेक जण दिवसभर आलेल्या प्रेसनोटा आणि दुसऱ्यांच्या बातम्या थोड्या फिरवून टाकतात. शीर्षक 'धक्कादायक!' नाहीतर 'पाहा नेमकं काय घडलं'. हे तुमच्या भागातल्या माणसाला नको आहे, त्याच्या फोनवर ते आधीच सात ग्रुपांतून आलेलं असतं. त्याला काय नको असतं ते सांगणं सोपं आहे. काय हवं असतं ते तुमच्याच भागातल्या दोन घटनांवरून सांगतो.

२५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत मुठा नदीचं पाणी शिरलं. खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचे, म्हणजे विसर्गाचे क्यूसेकमधले आकडे पाटबंधारे खातं देतं, आणि ते आकडे आदल्या दिवसापासूनच प्रत्येक ग्रुपवर फिरतात. अडचण अशी की तळमजल्यावर राहणाऱ्या बाईंना क्यूसेक म्हणजे काय ते ठाऊक नसतं. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर, हे सांगूनही त्यांना काही कळत नाही. त्यांना कळायला हवं ते हे की एवढा विसर्ग सुटला तर माझ्या पार्किंगमध्ये पाणी येतं का, आणि किती वेळात. हे कुठल्याही संकेतस्थळावर तयार मिळत नाही. ते मिळतं मागच्या पुरांच्या वेळी कोणत्या विसर्गाला कोणत्या सोसायटीच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आलं याच्या नोंदीतून, आणि त्या नोंदी असल्याच तर तुमच्या वडिलांच्या जुन्या अंकांत असतील.

दुसरी घटना जानेवारी २०२५ मधली. गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले, संशय पाण्यावर गेला आणि सगळ्यांच्या नजरा सिंहगड रोड, नांदेड, किरकटवाडी, धायरी याच पट्ट्याकडे वळल्या. बातम्यांना तोटा नव्हता, देशभरच्या वाहिन्या बोलत होत्या. पण माझ्या नळाला येणारं पाणी कुठल्या विहिरीचं, त्यात क्लोरीन टाकतात का, ज्या आरओ प्लांटवरून मी वीस लिटरचा जार आणतो त्याचं पाणी कोणी तपासलं का, याचं उत्तर वाहिन्यांकडे नव्हतं. ग्रुपांवर त्याऐवजी चिकन खाऊ नका, पनीर खाऊ नका असं चाललं होतं. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही ३० जून २०२१ ला महापालिकेत घेतलेल्या २३ गावांतली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली होती, म्हणजे ग्रामपंचायत गेलेली आणि जाऊन विचारावं असा नगरसेवकही तेव्हा नव्हता. अशा वेळी स्थानिक पत्राला जेवढं काम असतं, तेवढं एरवी कधीच नसतं.

इंटरनेटने बातमीच्या धंद्यात मोठा बदल घडवला तो इथे. मी डेस्कवर आलो तेव्हा बातमीदाराची किंमत त्याला कागद कुठून मिळतो यावर ठरायची. महापालिकेच्या स्थायी समितीची विषयपत्रिका आदल्या रात्री हातात आली की तो मोठा बातमीदार. आज शासन निर्णय राज्य सरकारच्या संकेतस्थळावर असतात, बांधकाम प्रकल्पांची नोंद महारेरावर, खटल्याची पुढची तारीख ई-कोर्ट्सवर, निविदा ऑनलाइन. बातमीदाराचा मक्ता गेला, चांगलंच झालं. पण उघड्यावर पडलेली माहिती आपोआप बातमी होत नाही. ते चाळीस पानी पीडीएफ कोणीतरी वाचावं लागतं, आणि त्यातली तुमच्या भागाची दीड ओळ शोधावी लागते. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन ते काम खरंच झालंय का ते बघावं लागतं. हे शेवटचं काम इंटरनेटने एका पैशानेही स्वस्त केलेलं नाही. परुळेकरांनी १९३२ मध्ये पुण्यात 'सकाळ' काढला तेव्हा अग्रलेखापेक्षा बातमीवर आणि गावोगावच्या बातमीदारांवर भर दिला. तो खर्च तेव्हाही होता आणि आजही तसाच आहे.

आणि पडताळणी. कागदावर चूक छापली की ती आठवडाभर घराघरांत पडून राहायची, म्हणून दोन माणसं वाचूनच पान सोडायची. नेटवर 'नंतर दुरुस्त करू' ही सवय फार लवकर लागते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे आलेत या अफवेवरून पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. तुमच्याकडेही 'शासनाचा नवा जीआर' म्हणून दर आठवड्याला काहीतरी येईल. खऱ्या शासन निर्णयाच्या शेवटी संकेतांक असतो. तो संकेतस्थळावर टाकून मूळ कागद उघडल्याशिवाय एक ओळ सोडू नका. एवढं नियमाने केलंत तरी भागातले लोक 'यांच्याकडे आलं का बघा' म्हणून तुम्हाला विचारायला लागतात. वेळ लागतो, पण लागतात.

इथवरचं थोडक्यात: कागद ठेवायचा तो पुरावा मागणाऱ्यासाठी आणि परवडेल एवढाच. मोबाइलवर द्यायचं ते दुसरीकडे न मिळणारं, आणि तपासलेलं.

मग मोबाइलवर नेमकं कुठे? वेबसाइट हवीच, पण ती साठवणीची जागा म्हणून. लोक रोज तुमचा पत्ता टाइप करून येणार नाहीत. फेसबुकच्या भरवशावर राहू नका. २०१८ च्या सुरुवातीला त्यांनी मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना झुकतं माप दिलं आणि बातम्यांच्या पानांची वर्दळ भराभर घटली, ते मी वेब डेस्कवर बसून बघितलंय. गूगलही आता बऱ्याच प्रश्नांची उत्तरं स्वतःच वर देऊन टाकतं, खाली कोणी उतरत नाही. तुमच्या भागासाठी व्हॉट्सॲप चॅनल काढा, त्याला सदस्यांची मर्यादा नाही आणि लोकांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत. ग्रुप काढू नका. १०२४ जणांची मर्यादा असते, आणि सकाळी सहापासून गुलाबाची फुलं सुरू होतात.

जोडीला ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवा. तिला प्रत्येकी २५६ जणांची मर्यादा आहे आणि ज्याने तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. लोक याला अडचण मानतात, मला तीच सोय वाटते. नंबर सेव्ह करण्याची तसदी घेणारा माणूस हाच तुमचा खरा वर्गणीदार. पुढे कधी वर्षाचे दोन-तीनशे रुपये मागायचे झाले तर याच यादीकडे मागता येतील, वेबसाइटवरच्या लाखभर क्लिककडे नाही. 'येत्या गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने' ही महापालिकेची सूचना साप्ताहिकात कधीच वेळेवर बसत नाही. ती इथे द्या, पण शहरभरच्या भागांची लांबलचक यादी न चिकटवता, फक्त तुमच्या पट्ट्यातली नावं काढून.

आता तुमच्या घरात पडलेल्या, पण तुम्ही प्रश्नात उल्लेखही न केलेल्या ऐवजाविषयी. जुने अंक. वडिलांच्या संगणकावर पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रॅमच्या फायली असतील, बहुधा श्रीलिपीत. (श्रीलिपी आपल्या पुण्याचीच, मॉड्युलर इन्फोटेकची.) तेव्हाच्या या फॉन्टची गंमत अशी की डोळ्यांना 'क' दिसतो, पण यंत्राच्या लेखी तिथे रोमन लिपीतलं एखादं अक्षर किंवा चिन्ह असतं. म्हणून त्या फायलीत किंवा तिच्या पीडीएफमध्ये काहीही शोधता येत नाही, आणि गूगलच्या दृष्टीने तो मजकूर अस्तित्वातच नाही. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना मराठी म्हणूनच ओळखता येणाऱ्या अक्षरांत, आणावा लागतो. परिवर्तक पुष्कळ मिळतात, त्यांची परीक्षा रफार, पहिली वेलांटी आणि 'ऱ्य', 'ऱ्ह' यांवर घ्या. तुमच्या भागात तर गावाच्या नावातच 'ऱ्ह' आहे. परिवर्तकाने 'नऱ्हे'चं 'नर्हे' केलं की त्या गावाची कुठलीच जुनी बातमी शोधात सापडणार नाही. फाइल नसून नुसते छापील अंक असतील तर चांगल्या उजेडात सरळ स्कॅन करा, तारखेने नाव द्या, आणि वाळवी लागण्याआधी करा.

याचा उपयोग काय? गावं महापालिकेत येताना कोणी काय आश्वासन दिलं, विकास आराखड्यात कुठे काय आरक्षण होतं, नाला आधी कुठून वाहायचा, राजाराम पुलाजवळच्या उड्डाणपुलाची मागणी पहिल्यांदा कोणी केली. मोठ्या दैनिकांनी यातलं फार थोडं छापलं असेल, कारण त्यांच्या शहर आवृत्तीत धायरीला दोन कॉलम मिळाले तरी पुष्कळ. नव्याने राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना या जागेचा इतिहास ठाऊक नाही आणि त्यांना तो दुसरीकडे मिळणारही नाही. आयटीतल्या माणसाने पहिले काही रविवार पोर्टलच्या रंगसंगतीऐवजी या कामाला दिले तर ते सत्कारणी लागतील.

कायद्याचं झटपट सांगतो. छापील अंकाला आता १८६७ चा जुना कायदा नाही, १ मार्च २०२४ पासून प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ लागू आहे. कामं ऑनलाइन होतात, वार्षिक विवरण भरावं लागतं, आणि मालकी वडिलांकडून तुमच्याकडे येणार असेल तर ती रीतसर बदलून घ्या. अंक फार काळ बंद राहिला तर नोंदणी जाऊ शकते, म्हणून 'सध्या थांबवू, मग बघू' असं करू नका. पोर्टलला या कायद्याखाली नोंदणी लागत नाही. 'सरकारमान्य न्यूज पोर्टल' म्हणून प्रमाणपत्र आणि प्रेसकार्ड विकणारे भेटतील, त्यांच्या हातात बहुतेक वेळा लघुउद्योगाची साधी उद्यम नोंदणी असते. डिजिटल बातम्यांसाठी २०२१ चे आयटी नियम आहेत. त्यातल्या आचारसंहितेविषयीच्या दोन पोटनियमांना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती, पण तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव-पत्ता साइटवर द्या आणि आलेल्या तक्रारीला १५ दिवसांत उत्तर द्या, त्यात तुमचंच हित आहे. अब्रूनुकसानी पूर्वी भारतीय दंड विधानाच्या ४९९-५०० कलमांत होती, आता न्याय संहितेच्या ३५६ मध्ये आहे, आणि ती कागद की मोबाइल असा भेद करत नाही. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची किंवा अल्पवयीन मुलाची ओळख उघड होईल असं काहीही, सोसायटीचं नावसुद्धा, टाकू नका. ग्रुपवर आधीच फिरतंय ही सबब चालत नाही.

एक कौटुंबिक गोष्ट, विचारली नाहीत तरी. अंक लहान करायचा निर्णय वडिलांना नुसता कळवू नका, त्यांच्याकडूनच करवून घ्या. नोटिसा देणारे वकील, सोसायट्यांचे चेअरमन, पाणीपुरवठ्यातले जुने कर्मचारी हे सगळे त्यांना ओळखतात, तुम्हाला नाही. चार पानी अंक आणि नोटिसा त्यांच्याकडे, चॅनल आणि जुने अंक तुमच्याकडे, अशी वाटणी मी इतर घरांत चाललेली पाहिली आहे.

पुढचं सांगायला मला तीन गोष्टी लागतील: मागच्या वर्षी नोटिसांचे आणि इतर जाहिरातींचे वेगवेगळे किती रुपये आले, नोंदणी प्रमाणपत्रावर मालक आणि प्रकाशक म्हणून कोणाची नावं आहेत, आणि सर्वात जुनी फाइल कोणत्या फॉन्टमध्ये उघडते. आकडे इथे उघड लिहायचे नसतील तर नुसतं प्रमाण लिहा, चालेल.